डावा पाय बाकी

६ जानेवारी

धाकट्या,

तुझ्या तब्येतीची चौकशी शेवटी करीन, आधी काम. आपल्या कारखान्यातला कॉम्प्युटर मरगळला आहे. ज्याच्यावर तुझा दादा बुटांचे साचे काढायचा, तोच. माउस इकडे हलवला की पडद्यावरचा बाण जरा विचार करतो, मनात आलं तर हलतो. मध्येच चौकट येते आणि त्यात लिहिलेलं असतं की पुरेशी मेमरी नाही. हे नेहमी म्हणायचे, मेमरी वाढवायला हवी, धाकट्याला सांगून ठेवलंय. तर आता तू सांग. मेमरी घालावी, नवाच घ्यावा, की आहे तसा राहू द्यावा? शिलाईवर बसणाऱ्या मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, भंगारात द्या आणि पूर्वीसारखं कागदावर काढा. त्यांना तो पहिल्यापासून आवडत नाही.

काम चालू आहे. एक पाय आखूड, टाच वाकडी, बोटं नसलेली, अशी आपली नेहमीची माणसं येतात. जुनी मापं होती त्यांचे जोड मी आणि मावशींनी करून दिले. नवीन माप मात्र घेतलेलं नाही. विचारलं तर सांगते, यंत्र बिघडलंय. खोटं नाही ते.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर सगळे आधी विचारतात, कशी आहेस. तेव्हा काय सांगायचं ते मला कळत नाही. काही वाटत नाही, असं सांगितलं तर समोरचा घाबरतो. पत्रात तू विचारलंस तरी मला उत्तर द्यायचं बंधन नाही.

तुझी तब्येत कशी आहे?

वहिनी

१५ जानेवारी

वहिनी,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण हा डावा पाय घेऊन एकदा खाली गेलो की उठवायला माणूस लागतो आणि दुकानात मी एकटाच असतो. तब्येत उत्तम.

आता तुझं काम. दादाच्या त्या डब्यात मेमरीच्या ज्या पट्ट्या बसतात, त्या बनवणं कंपन्यांनी कधीच सोडून दिलं. बाजारात आहेत त्या मेलेल्या मशिनींतून उपटून काढलेल्या. ज्यांच्याकडे आहेत ते असा भाव सांगतात, जणू आपण त्यांची मुलगी मागायला गेलोय. त्याच पैशात आजच्या जमान्याची मेमरी कैक पटींनी जास्त येते. पण नवी पट्टी जुन्या खाचेत बसत नाही, जोर केला तर दोन्ही मोडतात. आणि सगळं मशीनच नवं घेतलं, तर दादाचा साच्यांचा प्रोग्राम त्यावर चालणार नाही. पाय मोजायच्या पाटीची वायर लावायला भोकसुद्धा सापडणार नाही.

धंदा म्हणून विचारशील तर मी म्हणेन नवं घे, प्रोग्रामही नवा घे, एकदाच काय तो ताप. जुन्या मेमरीवर पैसे घालवणं म्हणजे वेडेपणा आहे. गिऱ्हाईक असतीस तर मी तुला दारातूनच परत पाठवलं असतं. पण घरची आहेस म्हणून आधी बघू. मशीन बंद कर, प्लग काढ, डब्याची बाजू उघड. आत हिरव्या पट्ट्या उभ्या असतील. त्यांच्यावरचा नंबर मला लिहून पाठव. रोज काम झालं की बंद करतेस ना? तसंच चालू ठेवलं तर ही जुनी मशिनं हळूहळू मेमरी खात जातात आणि मग अशीच मरगळतात.

दादाचं आणि माझं या पट्ट्यांवरून किती वर्षं चाललं होतं, ठाऊक आहे ना? मी म्हणायचो, आधी माझे बूट पाठव, मग तुझी मेमरी. तो म्हणायचा, आधी मेमरी. मी शोधतोय म्हणायचो, तो काढतोय म्हणायचा. माझे हे बूट आता इतके झिजलेत की रस्त्यावरचा खडा पायाने ओळखतो.

पुढच्या महिन्यात एकदा येतोच.

धाकटा

२ फेब्रुवारी

धाकट्या,

डब्याचे स्क्रू गंजलेत. निघत नाहीत. नंबर नंतर बघू.

इथे नवीन काही नाही. ज्या शिक्षिकाबाईंच्या पायाला संवेदना नाही, त्या येऊन गेल्या. त्यांचा जोड जुना झालाय, पायाचा आकारही बदललाय, पण नवं माप घ्यायचं म्हणजे कॉम्प्युटर हवा. हे त्यांना कधीच विचारत नसत, की बाई, कुठे टोचतंय का? म्हणायचे, बधिर पायाच्या माणसाला विचारून काय कळणार, जोडा काढायचा आणि लाल डाग कुठे उठलाय ते बघायचं. मीही तसंच केलं. अंगठ्याजवळ डाग होता. जुन्याच जोड्याला आतून मऊ चामडं लावून दिलं आणि पुढच्या महिन्यात या म्हटलं.

परवा कातडं कापताना पाती माझ्या बोटात गेली. मला कळलंच नाही. मावशी ओरडल्या तेव्हा बघितलं, तर पाटावर रक्त. धुतलं, चिंधी बांधली. दुखलं नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

एक विचारायचं होतं. मशीन चालू असतानाच मेमरी घालता येते का? म्हणजे बंद न करता?

येतो म्हणाला होतास. सतरंजी वाळत घालून ठेवली आहे.

वहिनी

१० फेब्रुवारी

वहिनी,

बंद न करता! वहिनी, चालत्या गाडीचं चाक बदलायचं म्हणतेस. पट्टी जळेल, मशीन जळेल, आणि तुझा हात असेल आत. असलं काही करू नकोस, मावशींनाही करू देऊ नकोस.

आणि स्क्रू गंजलेत म्हणतेस, ते काही मला पटत नाही. दिवाळं निघालेल्या कितीतरी हापिसांतले डबे मी नखाने उघडलेत. मला वाटतं, पैशांमुळे तू मागे हटते आहेस, किंवा कारखानाच बंद करायचं तुझ्या मनात आहे आणि मला सांगायला जड जातंय. तसं असेल तर सरळ सांग. मी रागावणार नाही. इतकी वर्षं तू कातडं कापलंस, आणखी कापलंच पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही. आणि पैशांचं असेल तर नवं मशीन मी पाठवतो. माझं दुकानच आहे, कुठे बाहेर जायचंय मला.

पण काहीतरी एक ठरव. अर्धवट मेलेलं मशीन ठेवून बसणं बरं नाही. त्यात माणसांची मापं आहेत. एक दिवस ते आपणहून बंद पडेल आणि मग हार्ड डिस्क उठली नाही तर ती मापंही गेली. शिक्षिकाबाईंना किती महिने पुढच्या महिन्यात या म्हणणार आहेस?

या महिन्यात जमलं नाही. दुकानात कुणी नाही. पुढच्या महिन्यात नक्की येतो.

धाकटा

१९ मार्च

धाकट्या,

तुझ्या पत्राचं उत्तर लिहायला महिना लागला. रागावले नव्हते. लिहायचं काय, ते ठरत नव्हतं.

स्क्रू गंजलेले नाहीत. मी डबा उघडलाच नाही, कारण त्यासाठी मशीन बंद करावं लागतं. हे गेल्यापासून ते मी बंद केलेलं नाही.

त्या दिवशी हे साचा काढत बसले होते. पाणी प्यायला उठले ते मोरीशी पडले, एवढं तुला ठाऊक आहे. त्यानंतरचं सगळं झालं, माणसं आली आणि गेली, तूही त्याच संध्याकाळच्या गाडीने गेलास. आठवड्याने मी कारखान्याचं दार उघडलं. पडदा काळा होता. माउसला हात लागला आणि यांचं काम समोर आलं. एका तळाची बाह्यरेषा, आडवी. टाचेपासून निघालेली, चवड्याला रुंद होऊन परत टाचेला मिळालेली. शेजारची जागा कोरी. बाण रेषेच्या टोकावर उभा होता. वर फाइलचं नाव असतं तिथे लिहिलेलं, शीर्षक नाही.

म्हणजे हे त्यांनी जतन केलेलं नव्हतं. मी जतन करायचं बटण दाबलं. चौकट आली, पुरेशी मेमरी नाही. ठीक म्हटलं. पुन्हा दाबलं नाही. दुसऱ्यांदा दाबलं आणि सगळंच अडकलं तर, म्हणून. मोठ्या छपाईच्या मशीनवरही पाठवून बघितलं नाही. घरात आणि शेजारी कुणाला सांगितलं नाही. मावशींना वाटतं, मी बंद करायला विसरते. मी फक्त पडदा बंद करते. सकाळी लावते, बघते, आणि कामाला लागते.

आता तुझ्या डोक्यात आलंच असेल. ते जतन करायला मेमरी हवी. मेमरी घालायला मशीन बंद करायला हवं. बंद केलं की ते गेलं. मी हे इतक्या वेळा मनात फिरवून बघितलं की आता त्याचं काही वाटत नाही. कुणाचा तळ आहे तेही माहीत नाही. कुणा गिऱ्हाइकाचा असेल. साधा, सरळ, चांगला पाय आहे. यांची सवय तुला माहीत आहे, चांगला पाय आधी काढायचा, अवघड पाय मागून. अवघड पाय राहिला.

मला रडू आलं नाही, तेव्हाही नाही आणि अजूनही नाही. लोकांना वाटतं, मी फार धीराची आहे. धीर वगैरे काही नाही. जेवते, झोपते, कापते. मीठ कमी पडलं तर मावशी सांगतात.

कारखाना बंद करायचं माझ्या मनात नाही. पण ते मशीन बंद करायचंही नाही. एवढंच आहे. काही उपाय असेल तर सांग, नसेल तर तसं सांग.

वहिनी

२७ मार्च

वहिनी,

उपाय नाही.

तीन जणांना विचारलं, नाव न सांगता. चालू मशीनच्या पोटातलं बाहेर काढायची यंत्रं असतात म्हणे, पण ती आपल्या वाऱ्यालाही उभी राहणार नाहीत. जतन करण्याचं बटण पुन्हा दाबलं नाहीस, ते बरोबर केलंस. वीज गेली की मशीन ज्याच्यावर चालतं, त्या बॅटरीच्या डब्याला किती वर्षं झाली? तिथली वीज एकदा लांबली की सगळा प्रश्न आपोआप मिटेल. तो असा मिटू नये म्हणून लिहितोय, तुला घाबरवायला नाही.

मी तुला नवं घे, नवं घे, म्हणून खडसावत होतो. तुला ते वाचून काय वाटलं असेल, कोण जाणे. विचारत नाही. तूच लिहिलंस ना, बधिर पायाला विचारायचं नाही.

पडद्यावर आहे ते नक्की कसं दिसतं ते मात्र मला सांग. दादाने शेवटचं काय काढलं, ते मला बघायचंय.

येतो म्हणून पुन्हा लिहीत नाही. खरं सांगू का, मला तिथे यायला होत नाही. दुकानात माणूस नाही वगैरे ठीक आहे. पण दादा नसलेल्या कारखान्याच्या दारात उभं राहायचं म्हटलं की मी दुकानातल्या वायरी गुंडाळत बसतो. गुंडाळलेल्याच पुन्हा सोडवून गुंडाळतो.

धाकटा

२० एप्रिल

धाकट्या,

मशीन बंद केलं. आधी तेच सांगते, म्हणजे तू पुढचं नीट वाचशील.

तू बॅटरीचं लिहिलंस तेव्हाच ती क्षीण झाली होती. गेल्या आठवड्यात वीज गेली तेव्हा तिने तीन-चार शिट्ट्या मारल्या आणि वीज आली म्हणून निभावलं. मी कात्री हातात धरून उभी होते. मावशींनी विचारलं, काय झालं? मी पहिल्यांदा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आपल्या शिलाईला लागल्या. जरा वेळाने म्हणाल्या, बाई, मग हे एवढं कुणाचं माप आहे ते तरी बघा, माणूस बिचारा अनवाणी बसला असेल. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं म्हणून लिहिते.

आपला पडदा जुना, जाड काचेचा. यांनी काचेच्या खालच्या कडेला स्टीलची पट्टी चिकटवलेली होती, आठवते? रेषा काढायला बसले की आधी पडद्यावरचा सेंटीमीटर पट्टीवरच्या सेंटीमीटरला लावून घ्यायचे. म्हणायचे, तळ आहे तेवढाच डोळ्यांना दिसला पाहिजे, लहान-मोठा करून बघणारा माणूस जोडा चुकवतो. गेले कित्येक महिने मी ते रोज बघत होते आणि ही पट्टी माझ्या नजरेत येत नव्हती. पडद्यावर जे होतं ते अस्सल मापाचं होतं. नुसता कागद लावायचा आणि गिरवायचं. सगळं आयुष्य मी साचे गिरवण्यात घालवलं, आणि ते मला सुचलं नाही. बघायचं सोडून आणखी काही करायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही.

पातळ कागद काचेला चार बाजूंनी चिकटवला. मऊ पेन्सिलीने टाचेपासून सुरुवात केली. मावशी मागे उभ्या होत्या. गिरवून झालं, तपासलं, दुसऱ्या कागदावर पुन्हा गिरवलं. मग मशीन बंद केलं. बंद होण्याआधी त्याने विचारलं, बदल जतन करायचे का? नाही म्हटलं. पंख्याचा आवाज थांबला. तो आवाज होता, हे मला तो थांबल्यावर कळलं.

मला वाटलं होतं, त्या क्षणी काहीतरी होईल. काही झालं नाही. मावशींनी चहा केला, तो प्यायले.

आता मेमरीचं. डबा उघडला, पट्ट्यांवरचा नंबर मागे लिहिला आहे. मी जुनीच मेमरी घालायची ठरवली आहे, कितीही महाग पडली तरी. वेडेपणा तर वेडेपणा. यांचा प्रोग्राम मला येतो. नवा शिकायला बसले तर शिक्षिकाबाई अनवाणी होतील. आणि आतली माणसंही सोडवत नाहीत. हे फायलींना गिऱ्हाइकांची नावं देत नसत, चाल देत, हे तुला माहीत आहे का? जिना आडवा उतरणारे आजोबा. घाईत असल्यासारख्या बाई. दारात थांबून मग आत येणारा. मी ती यादी वाचली आणि सगळे डोळ्यांसमोर चालत गेले.

तू बघायचंय म्हणालास, म्हणून गिरवलेला एक कागद यासोबत. उजव्या पायाचा तळ आहे. कोणत्याही जुन्या मापाशी जुळला नाही, मी आणि मावशींनी सगळे साचे लावून बघितले. चवड्याला जरा जास्त रुंद आहे आणि करंगळीपाशी बाहेर फुगवटा दिलेला आहे. दुसऱ्या पायाचा भारही हाच वाहत असणार.

वहिनी

१२ मे

वहिनी,

सोबत मेमरीच्या दोन पट्ट्या आहेत. एका बंद पडलेल्या वाचनालयाच्या मशिनीतून मिळाल्या. तपासल्या, चांगल्या आहेत. भाव विचारू नकोस. बसवताना खाच बघ, दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक् आवाज आला पाहिजे. आणि मशीनला हात लावण्याआधी एकदा लोखंडाला हात लाव, म्हणजे अंगातली वीज उतरते.

तुझं पाकीट येऊन बरेच दिवस झाले. कागद उघडला आणि काउंटरवर ठेवला. दोन दिवस तिथेच होता. मग दुकान बंद करताना सहज जमिनीवर ठेवला आणि बूट काढून उजवा पाय त्यावर ठेवला. पायाच्या चारी बाजूंनी रेघ दिसत होती, सगळीकडे सारखी. करंगळीपाशीसुद्धा. ती करंगळी लहानपणी कपाटाच्या दारात सापडून बाहेर वळली, दादानेच ते दार लावलं होतं.

मग आठवलं. दादा असतानाच्या शेवटच्या खेपेला तू आत शिलाईवर होतीस. मी निघालो होतो, पिशवी खांद्याला होती. दादा म्हणाला, उभा राहा दोन मिनिटं पाटीवर. उजव्याचं माप घेतलं. डाव्याला वेळ लागतो, तो तीनदा मोजावा लागतो, आणि माझी गाडी चुकत होती. मी म्हटलं, बरं, तुझंच खरं, आधी मेमरी आणतो, मग डावा पाय देतो. तो म्हणाला, जा, डावा पुढच्या वेळी.

वहिनी, मला लिहिता येत नाहीये. मी त्या कागदावर पाय ठेवून बराच वेळ उभा होतो. आणि मला दादाची आठवण येते. फार येते.

धाकटा

३० मे

धाकट्या,

पट्ट्या बसल्या. टक् आवाज आला. मशीन पहिल्याच खेपेला उठलं आणि बाण आता माउसच्या आधी पळतो. शिक्षिकाबाईंचं माप घेतलं, त्यांचा जोड या आठवड्यात होईल.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी यांच्या खुर्चीत बसले. आजवर मी स्टूल ओढून शेजारून चालवत होते. गिरवलेल्या कागदावरून तुझा उजवा तळ पुन्हा आत काढला, टाचेपासून, ते काढत तसाच. मग कातडं निवडलं. तपकिरी, जाड, पण चवड्याशी मऊ. उजवा बूट मी कापला आणि वरची शिलाईही मीच घातली, मावशींना हात लावू दिला नाही. करंगळीच्या फुगवट्यापाशी दाभण घसरलं आणि बोटात गेलं. दुखलं. इतकं दुखलं की मी मोठ्याने ओरडले. मावशी धावत आल्या. त्यांना म्हटलं, दुखलं हो. त्या म्हणाल्या, दाभण गेल्यावर दुखणारच, आणि चिंधी शोधायला लागल्या. मी तिथेच बसून रडले. त्या चिंधी हातात घेऊन उभ्या राहिल्या.

उजवा बूट तयार आहे. पोस्टाने पाठवणार नाही. एक बूट घेऊन काय करशील? आणि डाव्या पायाचं माप कागदावर काढून पाठवतो वगैरे म्हणू नकोस. कारखान्याचा नियम तुला माहीत आहे, उभं राहून, सगळा भार टाकून, तीनदा. मेमरी पोस्टाने येते, पाय येत नाही.

तुला दारात उभं राहवत नाही म्हणतोस. उभा राहू नकोस, सरळ आत ये. पाटी दारापासून चार पावलांवर आहे. मला ती चार पावलं रोज टाकावी लागतात. टाकता येतात.

काल तुझा साचा जतन केला. या वेळी चौकट आली ती नाव विचारायला. यांनी काय लिहिलं असतं, याचा विचार करत बसले. तुझी चाल सगळ्यांना माहीत आहे, पण ती लिहावीशी वाटेना. शेवटी लिहिलं, येतो येतो म्हणणारा.

उजवा झाला. डाव्याची जागा कोरी ठेवली आहे. मशीन मी आता रोज संध्याकाळी बंद करते.

वहिनी